दाबलेली धाव

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या म्यानात चार होत्या, आणि त्यांतल्या दोन घरच्याच.

कोल्हापुरातल्या पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघाला मी सव्वीस वर्षं शिकवतोय. तालमीत पोरं पेठेतलीच खेळवायची, दुसऱ्या पेठेतला आणायचा नाही, अशी रीत आहे. त्यामुळे पेठेत जे पिकेल तेच ताटात येतं. एखाद्या साली नुसते गोलकीपर पिकतात, आणि त्यांतला एक उभा करून बाकीच्यांची समजूत काढत बसावं लागतं. त्या साली फॉरवर्ड पिकले. धैर्यशील, माझा थोरला, बत्तीस वर्षांचा, संघाचा कप्तान. डावा गुडघा कुरकुरत होता, पण गोलासमोर त्याच्याइतका थंड डोक्याचा माणूस अख्ख्या शहरात नव्हता. दुसरा अल्ताफ मुजावर, उजव्या बाजूनं सुटला की लाइन्समनलाही दम लागायचा. तिसरा प्रणव बुचडे. त्याचा डावा पाय सोन्याचा आणि उजवा नुसता उभं राहण्यापुरता. चौथा समर, माझा धाकटा, चोवीस वर्षांचा.

चौघांनाही गोल मारायचा होता आणि चौघांच्याही घरच्यांना तो बघायचा होता. अल्ताफच्या मामानं मला मटण मार्केटात गाठून विचारलं होतं, की भाच्याला बाहेर बसवण्यामागं काही खास कारण आहे का. प्रणवची आई तर आमच्या दारात येऊन बसली. सगळेच पालखीत बसले तर पालखी उचलायची कुणी, हे मी प्रत्येकाला समजावून सांगत होतो आणि सांगून सांगून माझाच घसा बसत होता.

तोवर बाहेर सगळीकडे संघ बसवायचं काम यंत्रं करू लागली होती. आपल्याकडे ते आलं शर्वरीमुळं. डॉ. शर्वरी वणकुद्रे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, आमच्याच पेठेतली मुलगी. तिनं बनवलेल्या यंत्रणेला ती काहीतरी लांबलचक नाव सांगायची. आम्ही तिला ‘मांडणी’ म्हणू लागलो.

शर्वरीनं मला ते असं समजावलं. मैदान सगळ्यांना एकच दिसतं, पण खरं तर त्याचे बावीस तुकडे असतात. ज्या जागेवर एखादा खेळाडू इतर सगळ्यांच्या आधी पोचू शकतो, ती त्या क्षणी त्याची जमीन. खेळाडू हलला की बांध हलतात. दोन चांगले फॉरवर्ड एकाच जमिनीवर हक्क सांगू लागले, की दोघांची मिळून जमीन वाढत नाही, उलट घटते. म्हणूनच चार हिरे एका संघात घातले तरी उजेड एकाचाच पडतो. आता प्रत्येकाच्या मांडीला आणि पोटरीला एक पातळ पट्टी चिकटवायची. मेंदूनं पळायचा हुकूम सोडला, की पाय प्रत्यक्ष हलायच्या जरा आधी स्नायूत बारीकशी वीज उठते. ती वीज पट्टी टिपते. म्हणजे कोण कुठं गेला एवढंच नाही, तर कोण कुठं निघाला होता तेही यंत्राला कळतं. दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन मांडणी तोच सामना लाखो वेळा स्वतःशी खेळून बघते आणि सांगते, की या चौघांना असं उभं करा.

सुरुवातीला तिनं माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला. खेळाडूंची वयं, जुन्या दुखापती वगैरे. त्यात एक प्रश्न होता : संघाचे काही अलिखित नियम आहेत का? मी ‘नाहीत’ असं लिहिलं.

मी खोटं लिहिलं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. आता आमच्या तालमीत, मोठ्यानं मागितला की द्यायचा, हे आहेच. आखाड्यात वस्ताद आले की धाकटे बाजूला सरतात, तसंच मैदानावर. वयानं मोठा असलेला ‘दे’ म्हणाला की चेंडू त्याच्याकडे गेला पाहिजे. मलाही माझ्या वस्तादांनी हेच शिकवलं. मीही एके काळी फॉरवर्ड होतो. चुलतभाऊ मागायचा, मी द्यायचो, आणि देत देत चार वर्षांत बॅकला जाऊन पोचलो. पण याला नियम कोण म्हणेल? घरात शिरताना चप्पल काढतो, ते काय कुणी फॉर्ममध्ये लिहितं?

मांडणीचा निकाल आला तेव्हा पोरं तालमीच्या पायऱ्यांवर बसली होती. मैदानावर धैर्यशील मध्ये, सगळ्यांच्या पुढं. अल्ताफ उजवीकडे. प्रणव डावीकडे, जरासा आत. आणि समर त्या तिघांच्या मागं, बचावाच्या पुढ्यात, पडेल ते काम करायला. शर्वरीनं विचारलं, “काका, हा इतका देतो, हा त्याचा स्वभावच आहे का?” मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, की स्वभावच आहे, लहानपणापासून कधी हट्ट म्हणून केला नाही. समर मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता.

मांडणी खरी ठरली. उन्हाळा असा वाढलाय, की सामने आता सकाळी सातला सुरू करून नऊच्या आत संपवावे लागतात. पण त्या साली सहालाच स्टेडियमच्या पायऱ्या भरू लागल्या. अकरापैकी नऊ सामने जिंकले. धैर्यशीलचे चौदा गोल झाले. त्यांतले नऊ समरच्या पासवर होते, हे फक्त यंत्राच्या नोंदीत होतं. पेठेत फलक लागले त्यांवर तिघांचे फोटो होते आणि माझाही होता.

सामना झाला की समर घरी येऊन कॉटवर पडायचा. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. रोहिणी, म्हणजे त्याची आई, तेल गरम करून आणायची आणि चोळत बसायची. मी चहा पिता पिता त्याला चिडवायचो. म्हणायचो, यंत्र तर सांगतंय संघात सगळ्यांत कमी पळालास तू, मग पाय कशानं दुखतात, पास देऊन? तो हसायचा. रोहिणी हसायची नाही.

एप्रिलमध्ये गोव्याच्या एका क्लबनं खेळाडू बघायला सुरुवात केली. त्यांना एक फॉरवर्ड हवा होता, वय पंचविसाच्या आत. समरनं मला न सांगता अर्ज केला होता. हल्ली क्लबचे लोक आधी माणूस बघायला येतच नाहीत, यंत्राची नोंद मागवतात. समरची नोंद गेली आणि एका ओळीचं उत्तर आलं : ‘उमेदवारात आक्रमक प्रवृत्ती आढळत नाही.’ ते पत्र मला त्याच्या बॅगेत सापडलं. मी विचारलं तर म्हणाला, असू दे आप्पा, सहज टाकला होता. पुढच्या वर्षी तो पंचविशी गाठणार होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अंतिम सामन्याला नऊ दिवस उरले असताना शर्वरी दुपारची तालमीत आली. मी आतल्या खोलीत जर्सींची मोजणी करत होतो. तिनं लॅपटॉप उघडला.

मग म्हणाली, की तिच्या यंत्रणेत एक गाळणी आहे. कधी कधी स्नायूत वीज उठते, पण पाय हलत नाही. कारण पळायचा हुकूम सुटतो आणि त्याच क्षणी मांडीच्या मागच्या-पुढच्या स्नायूंनी एकमेकांना ओढून धरलेलं असतं. पाय जागचा हलत नाही, पण आत ओढाताण होते. याला तिनं नाव दिलं होतं, दाबलेली धाव. बाहेरच्या खेळाडूंत अशा धावा सामन्यात दोन-तीन यायच्या, म्हणून गाळणी त्यांना कचरा समजून टाकून द्यायची. त्या आठवड्यात तिनं सहज गाळणी काढून बघितली होती.

“काका, समरच्या एका सामन्यात एकेचाळीस आहेत,” ती म्हणाली.

पडद्यावर मैदान होतं आणि त्यावर लाल बाण. एकूण एक बाण गोलाकडे तोंड केलेला. मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. मग तिनं दुसरं काही दाखवलं. प्रत्येक बाणाच्या वेळी समरपासून पंधरा-वीस पावलांवर एकच माणूस होता. धैर्यशील.

शर्वरी म्हणाली, चूक माझीही आहे, मी पेठेतलीच, मला कळायला हवं होतं. मी तिला तो फॉर्म दाखवायला सांगितला. ‘नाहीत’ हे माझ्याच अक्षरात होतं. ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी तर भांडं हातात आहे हेच विसरून गेलो होतो. यंत्राला वाटलं पोराला भूकच नाही. ते वाढणाऱ्याला विचारत होतं, आणि वाढणारा सांगत होता की पोर समाधानी आहे.

मी विचारलं, आता खरं धरून मांडणी केली तर काय येतं? तिनं ती आधीच करून ठेवली होती. समर पुढं, मध्ये. अल्ताफ, प्रणव होते तिथंच. आणि धैर्यशील मागं, समरच्या जागी. जिंकायची शक्यता जवळपास तेवढीच, थोडी कमीच. “संघाला फरक पडत नाही,” शर्वरी म्हणाली. “ज्याचा त्याला पडतो.” क्लबला मात्र नुसत्या दाबलेल्या धावा दाखवून भागणार नव्हतं. प्रत्यक्ष धावलेला एक तरी सामना नोंदीत हवा होता. ती त्यांच्याशी बोलली होती. अंतिम सामन्याला ते एक माणूस पाठवायला तयार होते.

समर शिरोलीच्या फाउंड्रीत साचे छापणाऱ्या यंत्रावर कामाला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथं गेलो. गेटबाहेरच्या लिंबाखाली आम्ही बसलो, त्यानं डबा उघडला. मी त्याला शर्वरीनं छापून दिलेला बाणांचा कागद दाखवला. त्यानं बघितला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“पाय पळ म्हणतोच की आप्पा. सगळ्यांचाच म्हणतोय.”

“मग पळालास का नाहीस?”

“दादा मागतोय म्हटल्यावर?” तो जरा वेळ चावत राहिला. “एकदा पळालो होतो. तेरा वर्षांचा होतो. गोल झाला बघा. तुम्ही सगळ्यांम्होरं विचारलासा, दादा मागत होता ते ऐकू आलं न्हाई व्हय रे? तवापासनं ऐकू येतंय.”

मला ते आठवत नव्हतं, हे मी कबूल करतो. कितीतरी वेळ आठवून पाहिलं, पण नाहीच आठवलं. त्यानं डबा बंद केला आणि एवढंच म्हणाला, की दादाला सांगू नका, त्याचं हे शेवटचं वर्ष हाय.

ते खरंच होतं. डॉक्टरांनी धैर्यशीलला गुडघ्याबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं चषक एकदाही उचलला नव्हता, दोनदा उपविजेता झाला होता. पेठेनं त्याच्यासाठी मिरवणुकीची तयारी करून ठेवली होती. आता त्याला म्हणायचं, की बाबा, तू मागं सर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन दिवस मी गप्प राहिलो. मला कंटाळा आला होता, फुटबॉलचा नव्हे, माझाच.

तिसऱ्या दिवशी धैर्यशील गच्चीवर गुडघ्याला पट्टा बांधत बसला होता, तेव्हा मी तो कागद त्याच्यापुढं ठेवला. आधी तो हसला, शर्वरीचं यंत्र खुळं झालंय म्हणाला. मग बाण बघू लागला. त्यानं बोटानं एक एक बाण मोजला, मी अर्धवट सोडला होता तसा सोडला नाही.

“मी मागतो कारण मला वाटतंय, त्यो अडकलाय,” तो म्हणाला. “त्याला सोडवायला मागतो मी.”

तेही खरंच असेल.

त्यानं पट्टा परत सोडला, परत बांधला. मग म्हणाला, “मी जातो मागं. पण त्याला म्हणावं, मी तोंड उघडलं तर ऐकायचं न्हाई.”

“तू उघडूच नकोस,” मी म्हणालो. “उघडलंस तर तो ऐकेल.”

यादी लागली तशी पेठ पेटली. तालमीच्या अध्यक्षांनी मला बोलावून, साठीला माणसाची बुद्धी नाठी होते हे ऐकवलं. कप्तानाला त्याच्या शेवटच्या सामन्यात मागं ढकलून धाकट्याला पुढं काढतोय, एवढंच लोकांना दिसत होतं. धैर्यशीलनं चौकात सांगितलं, की माझा गुडघा बरा नाही, मीच मागून घेतलं. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, पण बोलणं थांबलं.

सामना नदीवेस तालमीशी होता. सकाळी साडेसहालाच ऊन टोचत होतं. पहिल्या दहा मिनिटांत समरला दोनदा वाट मोकळी मिळाली आणि दोन्ही वेळा त्यानं मान वळवून मागं पाहिलं. मागून आवाज आला नाही. मी धैर्यशीलकडं बघितलं. त्यानं जर्सीची कॉलर ओढून दातात धरली होती.

तिसऱ्या वेळी समरनं मागं पाहिलं नाही. मी त्याला जन्मापासून ओळखतो, पण तसा पळताना मी त्याला कधी बघितला नव्हता. दोन बॅक त्याच्या अंगावर आले, ते कुठल्या कुठं राहिले. पंचविसाव्या मिनिटाला गोल झाला. पायऱ्या उठल्या. समर धावत परत आला तो थेट धैर्यशीलकडं. धैर्यशीलनं त्याच्या मानेला धरून हलवलं. कॉलर दातातच होती.

दुसऱ्या भागात समरचा एक फटका खांबाला लागला. तो आत गेला असता तर मी हे सगळं वेगळ्या सुरात सांगितलं असतं. नदीवेसनं एक फेडला. आणि शेवटची सहा मिनिटं उरली असताना त्यांचा पोरगा धैर्यशीलच्या बाजूनं आत शिरला. बत्तीस वर्षांचा गुडघा त्याच्यामागं वळला, पण वेळेवर वळला नाही. दोन-एक. हरलो.

मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. गेटजवळ क्लबचा माणूस भेटला, टोपी घातलेला, घामानं निथळणारा. त्यानं समरला पंधरा तारखेला पाठवून द्या म्हणून सांगितलं, दोन महिने बघू, पुढचं पुढं. मी हात जोडले. मैदानात नदीवेसची पोरं चषक घेऊन पळत होती आणि आमचा धैर्यशील त्यांच्या कप्तानाचं अभिनंदन करत होता. त्याच्या जर्सीची कॉलर एका बाजूनं उसवली होती.

शर्वरी पायऱ्यांखाली लॅपटॉप घेऊन बसली होती. मी विचारायच्या आधीच तिनं कागद काढून दिला. समरच्या नावापुढं, दाबलेली धाव : दोन. त्या पहिल्या दहा मिनिटांतल्या. त्यानंतर शून्य. मला रडू आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलंही नाही. पण ती बोट खाली सरकवून थांबली होती. खाली धैर्यशीलचं नाव होतं. अख्ख्या मोसमात त्याच्या नावापुढं कधी एकही दाबलेली धाव नव्हती. आज सदतीस होत्या.

सव्वीस वर्षं मी संघ बसवतोय. चार फॉरवर्ड एका संघात बसतात, कुणी सांगितलं बसत नाहीत? कुणाच्या तरी पायाला धाव गिळावी लागते, एवढंच. ती नाहीशी होत नाही. मी आजवर ती एका पोराच्या पायात ठेवली होती, आज दुसऱ्याच्या ठेवली. कागद घडी करून मी शर्टाच्या खिशात घातला.

घरी दहा वाजता पोचलो. रोहिणीनं सगळ्यांपुढं पोहे ठेवले. समर अंघोळीला गेला. धैर्यशील कॉटवर आडवा झाला, समर नेहमी व्हायचा तिथंच, आणि छताकडं बघत राहिला.

“आप्पा,” तो म्हणाला, “आज मी पळालो कुठं? निम्मा वेळ उभाच होतो. मग पोटऱ्या अशा का दुखालत्यात?”

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. ती उठली, आत गेली, तेल गरम केलं. समर अंघोळ करून आला होता. तिच्या हातातली वाटी त्यानं घेतली आणि कॉटकडं निघाला. मी उठून ती त्याच्याकडून काढून घेतली. कॉटच्या कडेला बसलो आणि थोरल्याचा पाय मांडीवर घेतला. पोटरी दगडासारखी होती. कसं चोळायचं ते मला नीट येत नव्हतं, कारण धाकट्याची पोटरी मी कधी हातात घेतलीच नव्हती. तो तिथंच, टॉवेल खांद्यावर टाकून, दारात उभा राहून बघत होता.